दोनचा आकडा

विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात बटण दाबायचे नसते, उमेदवारांच्या नावांसमोर पसंतीचे आकडे लिहायचे असतात. तिथल्या मतमोजणीत टेबलावर एक मतपत्रिका उलगडली गेली. जांभळ्या स्केच पेनाने, शाळेत गिरवून घेतात तशा वळणाचा १. दोन नावे सोडून २. अगदी खालच्या नावासमोर ३. गिचमीड नाही, खाडाखोड नाही, एकही आकडा रकान्याबाहेर गेलेला नाही. आणि खाली उजव्या कोपऱ्यात पूर्ण नावाची सही. शेवटच्या अक्षरावरून मागे ओढलेली रेघ, रेघेखाली दोन टिंबे. उमेदवारांच्या प्रतिनिधींनी माना पुढे केल्या. मोजणाऱ्याने ती संशयित मतांच्या ट्रेमध्ये ठेवली, तिथून ती निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर गेली आणि अवैध ठरली. दहा-पंधरा सेकंदांचे काम. लगेच पुढची मतपत्रिका उघडली गेली.

सही करणाऱ्याच्या मनात काही वावगे असेल असे वाटत नाही. शिकलेल्या माणसाच्या हाताला सहीची सवयच लागलेली असते. बँकेची स्लिप, शाळेचे मस्टर, मुलाचे प्रगतिपुस्तक, पदवी प्रमाणपत्राच्या झेरॉक्सवर ‘सत्यप्रत’. याच मतदारसंघाच्या यादीत नाव घालायला त्याने नमुना १८ भरला असणार, तोही सहीनिशी. पदवीधरांची यादी दर निवडणुकीआधी कोऱ्या पानावरून नव्याने होते. मागच्या वेळी नाव होते म्हणून या वेळी असेलच असे नाही. १ नोव्हेंबर या अर्हता तारखेआधी किमान तीन वर्षे पदवी मिळालेली हवी, रहिवासाचा पुरावा हवा, आणि अर्ज मुदतीत पोचायला हवा. विधानसभेच्या यादीत नाव आहे म्हणून निर्धास्त राहिलेले कितीतरी पदवीधर मतदानाच्या दिवशी केंद्रावरून परत जातात. या माणसाने ते सगळे केले होते. रांगेत उभा राहिला, तीन आकडे विचार करून लिहिले, आणि शेवटी कागद पुरा झाला म्हणून खाली सही केली.

नियम कडक आहे, आणि तो कडक असण्यामागे कारण आहे. मतपत्रिकेवर मतदाराची ओळख पटेल असे काहीही असले, सही, आद्याक्षरे, अंगठा, एखादा शब्द, तर मत बाद. कारण ओळख पटली की मत विकत घेणाऱ्याला पावती मिळते. ‘तुझी सही असलेला कागद आमच्या पोराने टेबलावर बघितला’ असे कोणी म्हणू शकले, तर गुप्त मतदान संपलेच. पेनाचेही तसेच. मतपत्रिकेबरोबर केंद्रावर मिळतो तोच जांभळा स्केच पेन वापरायचा, खिशातला बॉलपेन चालत नाही. २०१६ साली हरियाणातल्या राज्यसभा निवडणुकीत वेगळ्या पेनामुळे आमदारांची मते बाद झाली आणि निकालच फिरला. आमदारांचे असे होते, तर बाकीच्यांना दोष कुठे द्यायचा? आकडा १ असा लिहा, इंग्रजी वळणाचा लिहा किंवा रोमन लिहा, चालते. ‘एक’ हा शब्द चालत नाही. बरोबरची खूण चालत नाही, फुलीही नाही. दोन नावांसमोर १ असेल तर मत बाद. एकाच नावासमोर १ आणि २ दोन्ही असतील तरी बाद. पण १ आणि २ व्यवस्थित असून ३ दोनदा पडला, किंवा ३ सोडून एकदम ४ लिहिला, तर मत बाद होत नाही. जिथवर क्रम सरळ आहे तिथवर ते धरतात, पुढे ते थांबते. हा बारकावा मतदाराला कोणी सांगत नाही.

डिसेंबर २०२० मधल्या नागपूर पदवीधर निवडणुकीत १,३३,०५३ मते पडली. त्यांतली ११,५६० अवैध ठरली. दर अकरा-बारा पदवीधरांमागे एकाचे मत मोजलेच गेले नाही.

हा आकडा पुढे करून लोक म्हणतात, बघा, पदवीधरांना जमत नाही तिथे बाकीच्यांना पसंतीक्रम काय जमणार. हे म्हणणे मला अजिबात पटत नाही. ज्या मतदाराच्या हाती असा कागद सहा वर्षांतून एकदा येतो, ज्याने आयुष्यभर बटण दाबून लांब ‘बीप’ ऐकला आहे, त्याला मतदानाआधी नमुना मतपत्रिका कोणी दाखवलेली नसते. उलट प्रचाराच्या पत्रकात लिहिलेले असते: फक्त आमच्या उमेदवारासमोर १ लिहा, बाकी काही लिहू नका. कार्यकर्ते फोनवरूनही तेच सांगतात. मतदाराला वाटते, २ लिहिला तर आपला १ कमजोर होईल. तसे मुळीच होत नाही. एका जागेच्या निवडणुकीत तुमचा १ ज्याला आहे तो उमेदवार शर्यतीत असेपर्यंत तुमच्या २ कडे कोणी बघतही नाही. तो बाद झाला तरच कागद पुन्हा उचलला जातो आणि २ वाचला जातो. दुसरी पसंती पहिलीच्या पाठीमागे उभी असते, तिच्या वाटेत येत नाही. ‘बाकी काही लिहू नका’ या सूचनेने उमेदवाराचा कणभरही फायदा होत नाही. मतदाराचा मात्र आणखी एक शब्द बोलण्याचा हक्क जातो.

मोजणीची पद्धत एकदा जवळून पाहिली की तिची भीती जाते. आधी मतपत्रिकांचे २५-२५ चे गठ्ठे बांधतात, मग सगळ्या केंद्रांचे गठ्ठे एकत्र मिसळतात, म्हणजे कोणत्या केंद्रावर कोणाला किती हे कळू नये. मग ते टेबलांवर वाटतात. वैध-अवैध वेगळे झाले की एकूण वैध मतांना दोनने भागायचे, अपूर्णांक सोडून द्यायचा, आणि एक मिळवायचा. हा कोटा. नागपूरला वैध मते १,२१,४९३ होती, निम्मे ६०,७४६.५, वरचे अर्धे सोडले, एक मिळवला, कोटा आला ६०,७४७. पहिल्या पसंतीच्या मतांत कोणालाच तो गाठता आला नाही. मग ज्याला सगळ्यात कमी मते, तो उमेदवार बाद, आणि त्याच्या गठ्ठ्यातला प्रत्येक कागद त्यावरच्या २ प्रमाणे दुसऱ्याच्या खणात. पुन्हा बेरीज. पुन्हा सगळ्यात खालचा बाद. ज्या कागदावर पुढचा आकडाच नाही तो कोणाच्याच खणात जात नाही, बाजूला ठेवला जातो. असे कागद फार झाले की शेवटी उरलेला उमेदवार कोटा न गाठताही निवडून येतो, कारण नियमाप्रमाणे एकटाच उरला की तो विजयी. या मोजण्या दिवस-रात्र चालतात. पहाटे तीनला चहाचे कागदी कप, रबरबँडांचा ढीग, आणि एखाद्या खणात टप्पकन पडणारा पंधरा-वीस कागदांचा गठ्ठा. त्या पंधरा-वीस लोकांचा आवडता उमेदवार मघाशीच हरला आहे, तरीही त्यांचे मत अजून चालू आहे.

ते मत अजून चालू आहे, ही गोष्ट आपल्या बाकीच्या निवडणुकांत कुठेच नाही.

गावात सरपंच थेट जनतेतून निवडायचा कायदा २०१७ ला आला, २०२० ला गेला, २०२२ ला परत आला. चार उमेदवार उभे राहिले की पारावर एकच वाक्य ऐकू येते: ‘माणूस चांगला आहे, पण तो पडणार. त्याला देऊन मत कशाला फुकट घालवायचे?’ ज्याला मनापासून द्यायचे त्याला देत नाहीत, ज्याला पाडायचे त्याच्यासमोरच्या तगड्या उमेदवाराला देतात. मतदान होते ते भीतीच्या हिशेबाने. आणि हा हिशेब ओळखून कोणीतरी समोरच्याची मते फोडायला एखादा उमेदवार उभा करतो, कधी भावकीतला, कधी त्याच आडनावाचा. अर्ज मागे घेण्याच्या दिवशी तहसील कार्यालयाबाहेर जी धावपळ चालते, तिच्यातली निम्मी या मतविभागणीसाठी असते. ‘तू बस’, ‘तू बसलास तर तुला उपसरपंच’. लोकांनी ठरवायची गोष्ट लोकांपर्यंत पोचण्याआधीच जीपमध्ये ठरून जाते.

असे धरा की १,२०० वैध मते आहेत. कपबशीला ४३०, छत्रीला ३९०, शिट्टीला २५०, रोडरोलरला १३०. आजच्या पद्धतीत कपबशी निवडून आली, गुलाल उधळला, आणि ७७० लोकांनी तिला मत दिलेले नाही हे दुसऱ्या दिवशी कोणाला आठवतही नाही. आता तीच मते पसंतीक्रमाने मोजा. कोटा ६०१. रोडरोलर बाद. त्याच्या १३० कागदांपैकी ७० वर दुसरी पसंती छत्री, १५ वर कपबशी, ३० वर शिट्टी, १५ वर काहीच नाही. छत्री ४६०, कपबशी ४४५, शिट्टी २८०. आता शिट्टी बाद. तिच्या २८० पैकी १५० छत्रीकडे, ९० कपबशीकडे, ४० थांबले. छत्री ६१०, कपबशी ५३५, आणि बाजूला ठेवलेले ५५. छत्री जिंकली. कपबशीवर अन्याय झाला का? तिची ४३० मते शेवटपर्यंत तिचीच राहिली, वर १०५ मिळाली. फक्त गावातले निम्म्याहून अधिक लोक ज्याला चालवून घेतील असा माणूस खुर्चीवर बसला. शिट्टीवाला हरला, पण आपल्या मागे २५० माणसे आहेत हे गावाला आकड्यात दिसले. भीतीच्या हिशेबात ती ५० वर आली असती. आणि उमेदवारांचे वागणेही बदलते. दुसऱ्याच्या घरासमोर जाऊन ‘तुमचा १ त्याला असेल, असू दे, २ मला द्या’ असे म्हणायचे तर आदल्या रात्री त्याच घरावर चिखलफेक करून चालत नाही.

‘नोटा’ आले तेव्हा, २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर, मतदाराला नकार देता येऊ लागला. २०१९ च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये नोटाला २७,५०० मते पडली आणि ते दुसऱ्या क्रमांकावर राहिले. एवढा मोठा नकार, पण निकालाच्या कागदावर त्याने काही हलले नाही. नोटा म्हणजे ‘कोणीच नको’. माणसाच्या मनात बहुतेक वेळा ‘कोणीच नको’ नसते. ‘हा हवा, हा नसेल तर तो चालेल, पण तिसरा अजिबात नको’ असे असते. ते सांगायला एक बटण पुरत नाही.

मतदाराला एका खुणेपेक्षा जास्त बोलू देण्याचा हा विचार आपल्याकडे बाहेरून आणायचीही गरज नाही. १९३७ च्या मुंबई प्रांताच्या निवडणुकीत अनेक जागांच्या मतदारसंघांत मतदाराला जितक्या जागा तितकी मते होती, आणि ती सगळी एकाच उमेदवाराला देण्याची मुभा होती. बाबासाहेबांचा आग्रह याच पद्धतीसाठी होता. विखुरलेल्या, संख्येने कमी लोकांना आपली ताकद एका ठिकाणी लावता यावी म्हणून. त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे उमेदवार त्या वेळी निवडून आले त्यात या मुभेचा वाटा होता. १९५२ साली ती नव्हती. उत्तर मुंबईच्या दोन जागांच्या मतदारसंघात मतदाराला दोन मते होती, पण दोन्ही एकाला दिली तर एक बाद. हजारो मते तशी बाद झाली, बाबासाहेब हरले, आणि त्यावरून निवडणूक याचिकाही झाली. त्यानंतरही त्यांनी विषय सोडला नाही. १९५५ मध्ये भाषावार राज्यांविषयी लिहिताना त्यांनी पुन्हा दोन-तीन जागांचे मतदारसंघ आणि मते एकत्र करण्याची मुभा मागितली. आज महापालिकांत चार जागांचा प्रभाग असतो तेव्हा काहींना वाटते की हे तेच. नाही. तिथे अ, ब, क, ड या चार वेगळ्या निवडणुका आहेत, प्रत्येकीत एकच मत. मशीनसमोर चार बटणे दाबावी लागतात एवढेच. ज्या गटाची वॉर्डात साधी आघाडी आहे तो चारही जागा घेऊन जातो.

आयर्लंडमध्ये गेली शंभर वर्षे लोक मतपत्रिकेवर आकडे लिहीत आले आहेत. मोजणी दिवसचे दिवस चालते, आणि कठड्याला टेकून पक्षांचे लोक उघडल्या जाणाऱ्या कागदांवरचे आकडे नजरेने टिपत अंदाज बांधतात. १९५९ साली तिथल्या सरकारने ही पद्धत काढून आपल्यासारखी, सर्वाधिक मतांची पद्धत आणायचा प्रस्ताव सार्वमताला टाकला. त्याच दिवशी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होती. प्रस्ताव मांडणारे पंतप्रधान डी व्हॅलेरा स्वतः उमेदवार होते. लोकांनी त्यांना राष्ट्राध्यक्ष केले आणि त्यांचा प्रस्ताव नाकारला. १९६८ ला पुन्हा विचारले, तेव्हा दहापैकी सहा जणांनी नाही म्हटले. ज्यांनी हा आकडा एकदा हातात धरला त्यांनी तो सहज सोडला नाही.

आपल्याकडे सुरुवात करायची तर सरपंचापासून करावी असे मला वाटते. राज्यघटनेला हात लावावा लागत नाही. ग्रामपंचायतीचा सरपंच कसा निवडायचा हे ठरवण्याचा अधिकार कलम २४३-सी ने राज्याच्या विधिमंडळालाच दिला आहे. अडचणी आहेत, आणि त्या झाकून उपयोग नाही. हाताशी असलेले मतदान यंत्र एका पदासाठी एकच बटण नोंदवते, क्रम नोंदवत नाही. म्हणजे सरपंचापुरता तरी कागद लागणार. पण २,००० मतांच्या गावात २५ चे ८० गठ्ठे होतात. चार टेबलांवर वीस-वीस. जेवणाच्या सुट्टीआधी निकाल लागेल. दुसरी अडचण जास्त खरी आहे: आकड्यांचा क्रम हीच सही होऊ शकते. ‘शिट्टी १, रोडरोलर २, कपबशी ३ असाच लिही, मग आम्हाला कळेल’ असे कोणी सांगू शकते. वीस उमेदवार असतील तर तीन पसंतींचेही ६,८४० क्रम होतात, आणि एखादा विचित्र क्रम एकाच माणसाचा असू शकतो. चार उमेदवार आणि जास्तीत जास्त तीन पसंती असा नियम ठेवला तर मिळून फक्त ४० प्रकार होतात. हजार-बाराशे मतांत लोक घेतील असे बहुतेक क्रम अनेकांचे येतील, कोणा एकावर बोट ठेवणे अवघड जाईल. त्यासाठी सगळ्या वॉर्डांचे कागद आधी मिसळायलाच हवेत. पाच-पन्नास घरांच्या वाडीचे कागद वेगळे मोजले, तर ते सगळे फुकट.

तिसरी गोष्ट शिकवण्याची. मतदानाआधीच्या रविवारी जिल्हा परिषदेच्या शाळेत एक टेबल मांडावे, गावातल्या उमेदवारांच्या नव्हे तर फळांच्या नावांची मतपत्रिका असावी. आंबा, पेरू, सीताफळ, चिक्कू. लोकांनी रांगेने यावे, आकडे लिहावेत, आणि तिथेच सगळ्यांसमोर मोजणी व्हावी. चिक्कू बाद झाला की त्याचे कागद कुठे जातात हे आजीलाही दिसावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी सोबतीची सोय आजही नियमात आहे. ती कशी घ्यायची हेही तिथेच सांगावे. आणि भिंतीवर एक कागद मोठ्या अक्षरांत: आकडा लिहा, सही करू नका. अवैध मतांतली बरीच मते या एका ओळीने वाचतील.

त्या दिवशी मध्यरात्रीनंतर नवव्या की दहाव्या उमेदवाराला बाद घोषित केले गेले. मतपत्रिकेवर वरून तिसरे नाव. गिरवल्यासारखा तो १ याच नावासमोर होता. त्याचा गठ्ठा सुटला, रबरबँड टेबलावर पडला, कागद एकेक करून दुसऱ्या पसंतीच्या खणात जाऊ लागले. मोजणारे आता थकले होते, आकडा मोठ्याने म्हणत होते. सही असलेला कागद त्यांच्यात नव्हता. तो अवैध मतांच्या पाकिटात होता, लाख लावून बंद केलेल्या. त्याच्यावरचा २ कोणी वाचला नाही.